पांढरीवरची शाळा

चैत्र संपता संपता ऑफिसच्या टपालात एक कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. असं कार्ड दिसलं की आधी हात थांबतो आणि मग डोळे अक्षराकडे जातात. अक्षर ओळखीचं होतं, गोल, सुवाच्य, मास्तरणीचं. 'सप्रेम जयभीम. आजी शुक्रवारी सकाळी गेली. तीन दिवस ताप होता. तुम्हाला कळवायला तिनं सांगून ठेवलं होतं. विमल.' एवढंच. खारखेडहून अमरावतीला यायला कार्डानं पाच दिवस घेतले होते. म्हणजे मी ते वाचत होतो तेव्हा तानाबाईची माती होऊनही पाच दिवस झाले होते... शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहून विचारलं, नात्यातलं कोणी का? मी हो म्हटलं. त्यांनी कोण असं विचारलं नाही, ते बरं झालं. विचारलं असतं तर काय नातं सांगायचं, हे मला तेव्हा सुचलं नसतं आणि आज हे लिहितानाही सुचत नाही.

बारा वर्षं झाली. वऱ्हाड नुकतंच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं होतं. मी नवा ओव्हरसियर, वय तेवीस, अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, अकोल्यात जठारपेठेत एका खोलीत भाड्यानं राहणारा. पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते खारखेडच्या शाळेचं. अकोल्याहून मोटारीनं निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि पूर्णा नदीच्या दिशेनं दोन कोस चालायचं, किंवा कोणाची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, मिळाली तर तिच्यात बसायचं. हा सगळा खारपाण पट्टा. विहीर खणा, पाणी लागतं. पण असं खारट की जनावर तोंड लावून मान वळवतं. जमीन काळी, लोण्यासारखी, कापसाला एक नंबर. अशा जमिनीवर मला दोन खोल्यांची पक्की शाळा उभी करायची होती. नकाशा वरून आलेला, सगळ्या गावांना तोच. विटांच्या भिंती, तीन फुटांचा पाया, वर टिनाचे पत्रे. जागा पाटलांनी दाखवली, गावाच्या खालच्या अंगाला, ऐसपैस, सपाट.

आखणीच्या दिवशी माती खोदायला बायामाणसं आली होती. त्यांत पन्नाशीची एक बाई होती. उंच, वाळकी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. मी चुना टाकत होतो आणि ती माझ्या मागून चालत होती. एका ठिकाणी ती वाकली, ढेकूळ उचलून तिनं बोटांत कुस्करलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि बाजूला थुंकली. मग सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली,

"साहेब, अठी शाया उभी नाई राहत."

"का?" मी विचारलं.

"हे माती चालते."

बाकीच्या बाया पदर तोंडावर धरून हसल्या. मीही हसलो. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्याचा उपाय नकाशात केलेलाच असणार, असा माझा भाबडा विश्वास होता. तिला मी कामाला लाग म्हणून सांगितलं. ती लागली. पुढचे चार महिने तिनं मुकाट्यानं टोपल्या वाहिल्या. जे उभं राहणार नाही असं तिला ठाऊक होतं, तेच डोक्यावर वाहून उभं केलं. हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

तिचं नाव तानाबाई, हे मला शाळा पूर्ण झाल्यावर कळलं. नवरा गोविंदा कधीच गेलेला. तो गावोगावची धाब्याची घरं बांधायचा, म्हणजे मातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्याच सपाट छताची. तानाबाई त्याच्याबरोबर हिंडली आणि तो गेल्यावर त्याच्यापेक्षा जास्त जाणती झाली. लेकही बाळंतपणात गेली, मागे नात राहिली, विमल. आदल्या दसऱ्याला गावाबाहेरची त्यांची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तिथून परतल्यावर तानाबाईनं पहिलं काम केलं ते विमलचं नाव शाळेत घालण्याचं. शाळा तेव्हा मारुतीच्या पारावर भरायची, आणि वस्तीतली मुलं पाराखाली बसायची. नव्या इमारतीत सगळी एका छपराखाली बसतील, म्हणून वस्तीला त्या शाळेचं फार अप्रूप होतं. माझ्या त्या चालत्या मातीवरच्या शाळेचं!

पहिल्याच उन्हाळ्यात जमीन उकलली. दाराच्या वरून खिडकीपर्यंत एक तिरकी भेग गेली. मी ती सिमेंटनं बुजवून घेतली. पावसाळ्यात ती मिटली आणि दुसरीकडे निघाली. पत्र्याखाली चैत्रातच भट्टी पेटायची. मुलांचे घोळणे फुटायचे आणि गुरुजी दहा वाजताच शाळा सोडायचे. अंगणात खणलेल्या विहिरीला साठ फुटांवर पाणी लागलं, तेही खारं. दोन पावसाळे असे गेले. आणि दुसऱ्या वर्षी होळीनंतर ते झालं.

तानाबाई विमलला सोडायला रोज शाळेत यायची. भेग तिच्या नजरेत होतीच. तिनं काय केलं होतं, तर ओल्या मातीचा बोटभर रुंद लेप त्या भेगेवर आडवा देऊन ठेवला होता, तीन ठिकाणी. लेप शाबूत असला तर भिंत रात्रभर जागेवर होती. चिरला तर सरकली. आम्ही लोक याच कामाला काचेची पट्टी बसवतो आणि तिला मोठं इंग्रजी नाव देतो. तिनं ते कोणी न शिकवता केलं होतं. त्या सकाळी तिनं पाहिलं, तर तिन्ही लेप चिरलेले, आणि काल मिटणारं दार आज मिटेना. तिनं गुरुजींना सांगितलं, मुलांना बाहेर घ्या. गुरुजी भिडस्त माणूस. त्यांना वरच्या परवानगीशिवाय शाळा उघड्यावर भरवायची भीती वाटली. त्यांनी तिला जायला सांगितलं. तानाबाई दारातच बसली.

"पोरं बाहेर काढल्याबिगर मी उठत नाई," ती म्हणाली. "मले ओलांडून जा."

तिला ओलांडून जायचं म्हणजे तिला शिवायचं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. गुरुजी ओशाळले. तासाभरानं मुलं कडूनिंबाखाली जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाढे चालू असताना, मागची अख्खी भिंत आतल्या बाजूला पडली. पत्रे तिच्यावर. धूळ बसेपर्यंत कोणाला काही दिसत नव्हतं, असं गुरुजींनी मला सांगितलं. ती दुसरीची खोली होती. त्या भिंतीला टेकून विमल बसायची. आणि तिच्यापासून चार हातांवर पाटलांचा नातू.

माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. तो लिहायच्या आधी मी खारखेडला गेलो. ढिगारा पाहिला आणि तिथून तडक तानाबाईच्या घराकडे निघालो. वस्तीत कोणी साहेब पायी येत नसे, त्यामुळं दारादारांतून माणसं पाहत होती. एप्रिलची दुपार होती. तिच्या दारातून आत पाय टाकला आणि कोणीतरी कपाळावर ओला हात ठेवावा तसं वाटलं. भिंती दोन हात जाड. शेणानं सारवलेल्या, कुठं केसाएवढी चीर नाही. मी हात लावून लावून पाहत होतो. तिनं घोंगडी टाकली, बसा म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं,

"पानी देऊ काय? प्याल आमच्या घरचं?"

हे लिहायलाच हवं, कारण ती आता ऐकायला नाही आणि असती तरी तिनं ते मनावर घेतलं नसतं. मी क्षणभर थांबलो. घरचे संस्कार म्हणा, सवय म्हणा... एक क्षणच, पण तिनं तो पाहिला. मग मी तांब्या घेतला. पाणी गोड होतं. खारपाण पट्ट्यात, भर उन्हाळ्यात, गोड! ऑफिसची भाषा माझ्या तोंडातून गळून पडली आणि घरची आली. "हे पानी कोठचं वं माय?" मी विचारलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.

पाणी तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं. नाल्याच्या एका वळणावर, वाळूत, हातभर खोल उकरलेला झिरा होता. ती म्हणाली, पावसाचं गोडं पाणी वाळूत वरच्यावर राहतं, त्याच्या खाली खारं. वाटीनं काढायचं, थोडं काढायचं, आणि खोल जायचं नाही. तुमी साठ फूट गेले, म्हणाली, म्हणून खाऱ्यात गेले. इतकं साधं. मी अधिक खोल म्हणजे अधिक चांगलं, असं समजत होतो.

त्या उन्हाळ्यात मी दर आठवड्याला खारखेडला जात होतो. ऑफिसात सांगायचो की ढिगाऱ्याचं सामान मोजतो आहे. खरं तर मी तिच्यामागं हिंडत होतो. ती भराभर चालायची आणि चालता चालता सांगायची. करंज आणि जांभूळ आपणहून वाढलेत, तिथं खाली पाणी गोड. जमिनीवर पांढरी पूड फुटते, तिथं खारं. वारूळ जिथं जुनं आणि उंच आहे, तिथवर पुराचं पाणी चढत नाही. वाळवीनं ते तिच्या आजीच्या आधीपासून पाहून ठेवलं आहे. आणि माणसानं घर बांधायचं ते पांढरीवर. शेतं काळीवर, घरं पांढरीवर. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी जमीन. शेकडो वर्षं तिथं घरं उठली, पडली, पुन्हा उठली. त्या पडक्या भिंतींच्या मातीनंच ती उंच झाली. ती माती भिजते आणि वाळते, पण चालत नाही. "थे चालून चालून थकली हाये," तानाबाई म्हणायची.

शाळेसाठी तिनं दाखवलेली जागा पांढरीच्या टोकाला होती. एका अंगाला गाव संपत होतं, दुसऱ्या अंगाला वस्ती सुरू होत होती. मधली ती पट्टी पिढ्यानपिढ्या रिकामी होती. ती का रिकामी, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी पाटलांकडे गेलो तेव्हा काय काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. बोलावंच लागलं नाही. पाटील बराच वेळ पान लावत बसले. मग म्हणाले, "तिनं दारात बसून माह्या नातवाले वाचवलं. तिले पाह्यजे थे जागा घ्या." गावात चार जण कुरकुरले, पण पाटलांनी शब्द दिला होता.

वरचं काम मात्र सोपं नव्हतं. मातीची शाळा, ही कल्पनाच ऑफिसात कोणाला रुचेना. सगळा देश पोलाद आणि सिमेंटची स्वप्नं पाहत होता, आणि मी मातीचं छत मागत होतो. माझ्या मोठ्या साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. ते कडक पण सरळ गृहस्थ होते. ते म्हणाले, नवं बांधकाम म्हणून हे मंजूर होणार नाही. दुरुस्ती म्हणून करा, आणि पडलं तर तुम्ही आणि मी दोघं घरी. एवढ्यावर आम्ही सुरुवात केली.

पाया तानाबाईनं सांगितला तसा भरला. चर खणून त्यात मुरूम आणि नदीची वाळू, थरावर थर, प्रत्येक थर पाणी मारून चोपलेला. जोतं छातीएवढं उंच. भोवताली उतरता ओटा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी थांबायला नको. भिंतींसाठी पांढरी माती, तिच्यात गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, मिसळून पंधरा दिवस भिजत घातलेली. तिचा आंबूस वास सगळ्या गावभर पसरला होता. भिंत एका दमात चढवायची नाही. हातभर चढवली की तीन दिवस थांबायचं. मला घाई असायची. ती म्हणायची, भितीले सुकू द्या, तिले तिच्या पायावर उभं राहू द्या. छताला सागाच्या फाट्या, त्यांवर तुराट्या दाटीनं, त्यांवर कडूनिंबाचा पाला वाळवीसाठी, मग माती, आणि सगळ्यांत वर खारी माती. ही खारी आणायला ती स्वतः पूर्णेकाठी गेली. दहा ठिकाणची चाखली, दोन ठिकाणची घेतली. मी विचारलं, जी माती पीक जाळते ती छतावर कशाला? ती म्हणाली, "भिजली का थे दाट होते, साहेब. पान्याले वाट देत नाई. वावरात थो तिचा ऐब हाये, छतावर तिचं कामच थे हाये." पुढे मी रसायनाच्या एका प्राध्यापकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फळ्यावर सूत्रं मांडून तेच सिद्ध करून दाखवलं.

एक गोष्ट मी सुचवली, आणि ती तिला आवडली याचा मला अजून अभिमान वाटतो. छतावरचं पाणी पन्हाळीतून खाली आणून ओट्याच्या पोटात एक चुन्याचं टाकं करायचं. म्हणजे शाळेला गोड पाणी. ती विचारात पडली. मग तिनं एकच प्रश्न विचारला, टाक्यावर पोहरा एक राहील का दोन? मी एक म्हणालो. "मंग करा," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मोठे साहेब पाहणीला आले. भर दुपारी, टोपी, कोट, कपाळावर घामाच्या धारा. आत आले, भिंतीवर काठी वाजवून पाहिली, छताकडे पाहिलं, खुर्चीवर बसले, कोट काढला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे. ते काही बोलेनात. थोड्या वेळानं लक्षात आलं की साहेबांना झोप लागली आहे. गुरुजींनी मुलांना खुणेनं गप्प बसवलं. तानाबाई दाराशी उभी होती, ती पदरात तोंड लपवून हसत होती. अर्ध्या तासानं साहेब जागे झाले, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, कोट हातावर टाकला आणि म्हणाले, "असू द्या. राहू द्या असंच."

पावसाळा आला आणि गेला. छत गळलं नाही, भिंतीला चीर पडली नाही, टाकं भरलं. मग मला एक टिपण लिहायला सांगितलं गेलं. मी ते मेहनतीनं लिहिलं, आकृत्या काढल्या. अमरावतीत एका बैठकीत ते वाचलं गेलं, माझं कौतुक झालं, दोन-तीन गावांत तशा शाळा बांधायचं ठरलं. मी पेढे घेऊन खारखेडला गेलो. तानाबाई कोणाच्या तरी घराची भिंत लिंपत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात न थांबवता विचारलं,

"त्यात माह्यं नाव हाये काय?"

टिपणात मी 'स्थानिक अनुभवी मजुरांच्या साहाय्याने' असं लिहिलं होतं. ते वाक्य लिहिताना मला ते अगदी योग्य वाटलं होतं. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि लिंपत राहिली. रागावली नाही, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पेढाही खाल्ला. पण परतीच्या वाटेवर ते दोन कोस मला सरता सरेनात.

त्यावर मला जे करता आलं ते फार थोडं होतं. पुढच्या शाळेच्या कामावर मी तिला बोलावून घेतलं, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'रेजा' न लिहिता 'मिस्त्री' लिहिलं. रेजा म्हणजे टोपली वाहणारी बाई. आमच्या पटांवर बाईला दुसरं नावच नव्हतं. पट परत आला, शेरा मारून, की स्त्री मिस्त्री असा हुद्दा नाही, चूक दुरुस्त करावी. मी तसाच पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा मी सोबत चिठ्ठी जोडली, की चूक नाही, बाई मिस्त्रीच आहे, साहेबांनी येऊन खात्री करावी. मोठ्या साहेबांना ती झोप आठवली असावी. पट मंजूर होऊन आला. तानाबाई तोवर विमलकडून सही शिकली होती. 'मिस्त्री' या शब्दासमोर तिनं आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर, जीभ दातात धरून, आणि शेवटी मान जराशी मागे घेऊन पाहिलं... भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पाहायची तशी.

मग पाच-सहा वर्षं ती गावोगाव गेली. कुठं शाळा, कुठं चावडी, कुठं नुसताच पाण्याचा प्रश्न. अकोल्यात आली की जठारपेठेत आमच्याकडे उतरायची. तोवर माझं लग्न झालं होतं. माझी बायको शहरात वाढलेली, पण दोघींचं मेतकूट माझ्या आधी जमलं. तानाबाईनं आमच्या न्हाणीचं वाया जाणारं पाणी अंगणात फिरवून केळी लावून दिली. बायको सांगायची, या बाईला दिवाणखान्यात बसायला सांगितलं तर संकोचते, आणि अंगणात सोडली तर घरमालकाचंही ऐकत नाही.

एका वर्षी भाद्रपदात पूर्णेला मोठा पूर आला. अकोल्याचा रस्ता बंद, मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, पाणी ओसरल्यावर. खालच्या अंगाची घरं पाण्यात गेली होती, वस्तीतली बरीच बसली होती. सगळं गाव शाळेत. पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलं होतं, जुन्या वारुळाच्या पातळीला. गुरुजींनी मला सांगितलं, पहिल्या दिवशी एका खोलीत गावाची चूल मांडली आणि दुसऱ्या खोलीत वस्तीची. दुसऱ्या दिवशी कोरडं सरपण एकाच चुलीपुरतं उरलं. बायका एकमेकींकडे पाहत बसल्या. मग पाटलीणबाई उठल्या, आपलं पातेलं उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन तानाबाईच्या चुलीवर ठेवलं. डाळ शिजली, सगळ्यांनी खाल्ली. पूर ओसरल्यावर पुन्हा चुली वेगळ्या झाल्या, हेही सांगितलं पाहिजे. पण ते पातेलं त्या चुलीवर चढलं होतं, ते काही खोटं नाही.

माझी बदली अमरावतीला झाली, तेव्हापासून आमचा एक प्रकार सुरू झाला. नव्या कामाच्या जागेची माती मी कागदाच्या पुडीत बांधून तिला पाठवायचो, कोणाबरोबर तरी. उत्तर विमलच्या अक्षरात कार्डावर यायचं. 'आजी म्हणते, पाया खोल घ्या.' 'आजी म्हणते, ही माती कोणी तरी भर टाकलेली आहे, खाली वेगळी आहे, बघा.' बघितलं की तसंच निघायचं. गेल्या पौषात मी स्वतःच पुडी घेऊन गेलो. कौंडण्यपूरकडच्या एका शाळेची, वर्धेच्या काठची. तानाबाईचे डोळे गेल्यातच जमा होते. ती उन्हात घोंगडी टाकून बसली होती. माझी पावलं तिनं ओळखली. माती चाखली. म्हणाली, नदीची हाये, गोडी हाये, पायाले त्रास नाई. "पन छताले खारी कोठून आणसान?" मग स्वतःच म्हणाली, अठूनच घेऊन जा एक गाडी. आणि हसली.

त्या दिवशी मी धीर करून तो जुना विषय काढला. म्हटलं, त्या टिपणात तुमचं नाव घालायला हवं होतं, राहून गेलं. राहून गेलं हा शब्दही खोटाच होता. तिनं मातीची पुडी चाचपून पुन्हा बांधली. मग म्हणाली,

"तवा टाकलं असतं तरी मले वाचता येत नव्हतं, बापू. आता विमलले येते. आता लिवा."

त्याआधी तिनं मला कधी बापू म्हटलं नव्हतं. साहेबच म्हणायची. तीच आमची शेवटची भेट.

कार्ड आल्यावर मला लगेच जाता आलं नाही. पंधरा दिवसांनी गेलो, वैशाखात. विमल आता त्याच शाळेत शिकवते. अमरावतीला अध्यापनाचा कोर्स करून ती मुद्दाम परत आली. घरी तिनं चहा केला. आजीच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. ताप चढला तरी ती भिंतीला हात लावून झोपत होती, म्हणाली. मग घड्याळाकडे पाहून ती उठली. म्हणाली, सर, मला शाळेत जायला हवं, आज छत तुडवायचं आहे. मी विसरलोच होतो. खाऱ्या मातीचं छत दर साली पावसाळ्याआधी नव्या मातीचा हात देऊन, पाणी शिंपडून, पायांनी तुडवावं लागतं. इतकी वर्षं ते तानाबाईनं केलं. डोळे जायला लागल्यावरही ती शिडी चढायची. चीर कुठं आहे ते तिला तळपायाला कळायचं. यंदा कोण करणार, हे कोणी ठरवलं नव्हतं.

आम्ही पोचलो तर छतावर आधीच माणसं होती. वस्तीतल्या बाया, गावातले तीन-चार जण, आणि पाटलांचा तो नातू, आता मिसरूड फुटलेला, धोतर खोचून माती पसरत होता. मी खाली ओट्यावर उभा राहून पाहत होतो, जसा बारा वर्षं पाहत आलो. एवढ्या शाळा मी बांधल्या, पण तुडवणं हे माझं काम कधी नव्हतंच. मी टिपण लिहिणारा. विमल वर चढली आणि तिनं वरून वाकून पाहिलं. मग ती शिडीजवळ येऊन उभी राहिली. मी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चढलो.

ओली माती थंड होती. ऊन डोक्यावर, आणि पायाखाली ती गार, जड, पायाला धरून ठेवणारी. सगळे ओळीनं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पुढे सरकत होते. मी जोरजोरात पाय आपटायला लागलो. विमल माझ्या शेजारी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, टाच नाई. पंजा टेकवा. आजी म्हणे, मातीले मारायचं नाई, बसवायचं." मी पंजा टेकवला. माती अंगठ्यांच्या मधून वर आली आणि पुढच्या पावलाखाली बसली. आम्ही दुपारपर्यंत तुडवत होतो. एका जागी माझ्या तळव्याला खाली काहीतरी बारीक, कोरडं, उघडलेलं लागलं. मी थांबलो. विमलकडे पाहिलं. तिनं ओंजळभर माती आणून तिथं टाकली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती चीर बुजवली.